सुट्ट्या आल्या की नेम का मोडतो? या चुका टाळा

माझ्याकडे एक जुनी वही आहे. रोज सकाळी चालून आले की त्या दिवसाच्या तारखेपुढे मी फुली मारते. त्यातल्या एका पानावर सलग ४१ फुल्या आहेत, मग सुट्टीचे चार दिवस कोरे, आणि त्यापुढे आणखी पाच आठवडे कोरेच. पाहुणे, जागरणं, मोठी जेवणं हे सगळं फक्त त्या चार दिवसांत होतं. उरलेल्या पाच आठवड्यांत यातलं काहीच नव्हतं. नेहमीचं घर, नेहमीची कामं. तरीही मी चालायला गेले नाही.

बरेच दिवस मी त्या चार दिवसांनाच दोष देत होते. आता वाटतं, ते आनंदात गेले हे बरंच झालं. माणसं भेटली, गप्पा झाल्या, त्याबद्दल मला तिळमात्र खंत नाही. चुका झाल्या त्या चार दिवसांच्या आधी आणि नंतर. सुट्टी सणाची असो, वर्षअखेरची असो की घरातल्या कार्याची, गाडी रुळावरून घसरते त्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. म्हणूनच त्या आधी ओळखून ठेवता येतात.

२००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत त्यांचं वजन सरासरी ०.३७ किलोनेच वाढलं होतं. आपलं वजन किती वाढलं असेल याचा त्या लोकांचा स्वतःचा अंदाज मात्र याच्या कितीतरी पट होता. इथपर्यंत दिलासा आहे. पण ते वाढलेलं वजन पुढच्या महिन्यांत उतरलंही नाही, अंगावर तसंच राहिलं. दरवर्षी थोडंथोडं असं साठत गेलं तर दहा वर्षांनी काय होईल, ते ज्याने त्याने ताडून पाहावं.

“सुट्टी झाली की बघू” म्हणून आधीच सोडून देणं

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. सुट्टी सुरू व्हायला अजून आठ दिवस असतात, पण मनात ती सुरू झालेली असते. “आता तर सगळं विस्कटणारच आहे, मग आत्ता कशाला?” असं म्हणून आपण व्यायाम सोडतो, अभ्यासाची वही कपाटात टाकतो, खाण्यावरचं लक्ष काढून घेतो. तीन दिवसांच्या सुट्टीला आधीचे आठ आणि नंतरचे पंधरा दिवस चिकटतात, आणि पाहता पाहता महिना जातो.

नव्या तारखेची ओढ माणसाला असतेच. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामाकडे आणि आहाराकडे जास्त वळतात. पाटी कोरी झाल्यासारखं वाटतं आणि हुरूप येतो. हा हुरूप जरूर वापरावा. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ती शुभ तारीख उजाडेपर्यंतचे दिवस आपण हिशेबातच धरत नाही. आणि शरीराला तर कॅलेंडर कळत नाही.

यावर मला एकच उपाय लागू पडला. सुट्टीचे खरे दिवस मोजायचे आणि लिहून ठेवायचे. कुठल्या तारखेला प्रवास, कुठल्या तारखेला मोठं जेवण, कोणाकडे मुक्काम. बहुतेक वेळा असं दिसतं की ज्याला आपण सुट्टीचा महिना म्हणतो त्यात खरोखर गडबडीचे दिवस सहा किंवा सात असतात. बाकीचे दिवस साधे आहेत, त्यांना साध्या दिवसांसारखंच वागवायचं.

पूर्ण जमत नसेल तर काहीच न करणं

रोज पाऊण तास चालणारा माणूस सुट्टीत दहाच मिनिटं मोकळी मिळाली तर चालत नाही. “दहा मिनिटांनी काय होणार?” असं म्हणून बसून राहतो. नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

दहा मिनिटांनी बरंच काही होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. आधी अशी अट होती की हालचाल सलग दहा मिनिटं तरी हवी, तरच ती धरायची. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे जिने चढणं, सामान घेऊन चालणं, मुलांमागे धावणं, जेवल्यावर गल्लीत मारलेली एक फेरी, सगळं जमेस धरलं जातं.

शिवाय काही दिवस व्यायाम कमी झाला म्हणून मेहनत वाया जात नाही. कमावलेली ताकद दोन-तीन आठवड्यांत फारशी घटत नाही. दम मात्र लवकर उतरायला लागतो, म्हणून सुट्टीत वेळ थोडाच असेल तर तो जरा जोरात चालण्यात घालवावा.

मी प्रत्येक नेमाचं एक ‘सुट्टीतलं माप’ ठरवून ठेवते. चालणं पाऊण तासाऐवजी दहा मिनिटं. वाचन वीस पानांऐवजी दोन. नवी भाषा शिकत असाल तर पाच शब्द. ध्यान करत असाल तर पाच मिनिटं. हे माप इतकं लहान ठेवायचं की घरात वीस माणसं असतानाही पार पडेल. आणि ते पार पडलं की त्या दिवसाचं काम झालं असं मनापासून मानायचं. त्यात कमीपणा नाही. या दिवसांत प्रगती करायची नसते, धागा हातातून सुटू द्यायचा नसतो, एवढंच.

एखादा दिवस तेवढंही जमलं नाही तर? फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ लोकांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांहून कमी लागले आणि निम्म्यांना जास्त. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. एक चुकलेला दिवस म्हणजे पराभव नव्हे. फक्त त्याला दुसऱ्या चुकलेल्या दिवसाची जोड मिळू द्यायची नाही.

रात्री मोठं जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणं

हिशेब वरवर सरळ दिसतो. रात्री जास्त खाणार, तर सकाळ-दुपार काही नको. मीही हे केलं आहे आणि दर वेळी एकच झालं. संध्याकाळपर्यंत पोटात कावळे कोकलायला लागतात, डोकं दुखतं, चिडचिड होते. आणि यजमानांच्या घरात पाऊल टाकल्यावर समोर जे पहिलं दिसेल ते हातात येतं. चव कळायच्या आत ते संपलेलं असतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि भुकेला माणूस त्या वीस मिनिटांत दोन जेवणं उरकू शकतो.

त्या दिवशी उलट करावं. सकाळी आणि दुपारी नेहमीसारखं पण हलकं खावं, डाळी, भाज्या, फळं, दही, अंडी असं पोटाला आधार देणारं. निघण्याआधी तासभर मूठभर काही खाऊन पाणी प्यावं. मग समोर काय मांडलं आहे ते शांतपणे पाहता येतं.

पाहता येणं महत्त्वाचं आहे, कारण तिथे दुसरा सापळा असतो. एकाच चवीचा आपल्याला लवकर कंटाळा येतो. पण चव बदलली की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. पोट गच्च भरलेलं असताना गोडाला जागा कुठून होते, याचं उत्तर यातच आहे. दहा पदार्थांच्या मेजवानीत दहा वेळा भूक नव्याने लागते. म्हणून मी आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारते. काय काय आहे ते बघते, आणि वर्षभर कुठेही मिळतात ते पदार्थ सोडून, खास त्या दिवशीच आणि त्या हातचे मिळतात असे तीन-चार निवडते. ते ताटात नीट वाढून घ्यायचे, बसून खायचे, चवीने खायचे. उभ्या उभ्या, बोलता बोलता, टेबलाशेजारी थांबून खाल्लेलं पोटात जातं पण लक्षात राहत नाही.

आणि आग्रह. सुट्टीतल्या खाण्यावर कोणी लिहिलं की “नाही म्हणायला शिका” असा सल्ला येतो. मला तो पटत नाही. प्रेमाने वाढणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, आणि ते जड जावं असंच आहे. माझी आत्या हातात वाढप घेऊन उभी राहते. “अगं, एवढंसंच? वर्षातून एकदा तर येतेस!” मी पूर्वी “नको नको, डाएट आहे” म्हणायचे. त्यावर सगळं घर माझ्या डाएटवर चर्चा करायचं आणि शेवटी भिडेखातर मी दोनदा घ्यायचे. आता म्हणते, “आत्या, फार छान झालंय गं. हे आधी नीट संपवते, मग घेते.” ताटात थोडं शिल्लक असेपर्यंत ती पुन्हा वाढत नाही. वाटलं तर, “डब्यात दे, उद्या घरी खाईन” म्हणते. तिला बरं वाटतं आणि मलाही. तिला हवं असतं ते तिच्या हातचं कौतुक. ते मनापासून केलं तर दुसऱ्या वाढीची गरज उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभं राहणं

एका वर्षी मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभी राहिले. दोन दिवसांपूर्वीपेक्षा १.९ किलो जास्त. माझे हातपाय गळाले. तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत गेली असं वाटलं. शिक्षा म्हणून मी सकाळचं खाणं टाळलं, दुपारचं टाळलं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून उरलेले गोड पदार्थ डब्यातून संपवले. “आता गेलंच आहे सगळं, तर जाऊ दे.”

शांतपणे आकडेमोड केली असती तर ती संध्याकाळ टळली असती. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. १.९ किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण १४,६०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका जेवणात ते शक्यच नाही. मग काट्यावर काय वाढलं? मुख्यतः पाणी. पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले की शरीर त्यातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट खाल्लं की मिठामुळे आणखी पाणी थांबतं. त्यात पोटातल्या न पचलेल्या अन्नाचं वजन वेगळंच. नेहमीचं खाणं सुरू केलं की चार-पाच दिवसांत हे आपोआप उतरतं.

“आता गेलंच आहे” ही जी मनाची अवस्था होते तिच्यावरही जुना अभ्यास आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. एरवी जेवणावर बंधन न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पण डाएट करणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडला, आता सांभाळायचं काय उरलं, असं मन म्हणतं. म्हणजे दोष तोंडाला सुटलेल्या पाण्याचा कमी आणि नियम फार ताठर असण्याचा जास्त.

मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं? उपास नाही, दुप्पट व्यायाम नाही. नेहमीच्या वेळेला नेहमीचं जेवण, भरपूर पाणी, थोडं चालणं. काटा पाच दिवस कपाटाखाली सरकवून ठेवायचा.

झोपेला सुट्टीचा भाग न मानणं

खाण्याची चिंता सगळेच करतात, झोपेची कोणी करत नाही. माझ्या अनुभवात सुट्टीनंतरचा थकवा, गोडाची ओढ आणि सकाळी चालायला न उठणं, यांचं मूळ जास्त करून जागरणात असतं.

कॅरीन स्पीगल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांच्या रक्तातलं भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि तृप्ती देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. भूक वाढली, तीही विशेषतः गोड आणि पिष्टमय पदार्थांची. जागरणानंतरच्या सकाळी आपण मिठाईचा डबा उघडतो तेव्हा मन कमकुवत झालेलं नसतं, शरीर रसायनांच्या भाषेत मागणी करत असतं. हे कळल्यापासून मी स्वतःवर कमी रागावते आणि दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून पडते.

दुसरा त्रास घड्याळाचा. सुट्टीत रोज तीन तास उशिरा झोपून तीन तास उशिरा उठलं, तर न हलता परदेशप्रवास केल्यासारखं होतं. टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. म्हणून जागरण झालं तरी उठण्याची वेळ नेहमीपेक्षा तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नये. रात्रीची झोप कमी पडली तर ती दुपारच्या छोट्या झोपेने भरून काढावी. आणि संध्याकाळनंतरची कॉफी टाळावी. कॅफीनचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफीन अकरा वाजता अंगात असतं.

औषधं, मद्य आणि उरलेलं अन्न

इथे फार बोलायची गरज नाही, पण दुर्लक्ष मात्र परवडत नाही.

रोजची औषधं प्रवासाला निघताना हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको. दोन-तीन दिवस पुरतील इतकी जास्त घ्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एखादी मात्रा चुकली तर स्वतःच्या मनाने दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा बदलणार हे डॉक्टरांना आधीच सांगून मात्रेबद्दल विचारून घ्या.

मद्य घेत नसाल तर सुट्टीच्या निमित्ताने सुरू करू नका. घेत असाल तर उपाशीपोटी नको, आणि प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, पण मला जास्त काळजी हृदयाची वाटते. सुट्टीत भरपूर मद्य घेतल्यावर निरोगी वाटणाऱ्या माणसांच्याही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, हे डॉक्टरांच्या इतकं पाहण्यात आलं की १९७८ साली त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नावच मिळालं. छातीत धडधड, दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असं काही झालं तर “जेवण जड झालं असेल” म्हणत रात्र काढू नका. पाहुणे घरात आहेत म्हणून संकोच करू नका. लगेच दवाखाना गाठा.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवा आणि पुन्हा खाताना आतपर्यंत वाफाळेल इतकं, म्हणजे निदान ७० अंशांपर्यंत, गरम करा. सुट्टीतली पोटदुखी जास्त खाण्यामुळे होते तशी रात्रभर टेबलावर राहिलेल्या भांड्यामुळेही होते.

सवय मनात असते असं समजणं

माझ्या पाच आठवड्यांच्या कोऱ्या रकान्यांचं कारण मला इथे सापडलं, म्हणून यावर जरा थांबते.

मी रोज सकाळी चालायला जायचे ते माझ्या निर्धाराच्या बळावर, असं मला वाटायचं. नीट पाहिलं तेव्हा कळलं की काम दुसरंच काहीतरी करत होतं. बूट दाराशी असायचे. आदल्या रात्री खुर्चीवर कपडे काढून ठेवलेले असायचे. चहाचं पातेलं विसळून झालं की पाय आपोआप दाराकडे वळायचे. सुट्टीत पाहुणे आले म्हणून दाराशी जागा करायला मी बूट माळ्यावर टाकले. खुर्चीवर गाद्या आल्या. सकाळचा चहा दुसरं कोणीतरी करू लागलं. पाहुणे गेले, पण बूट माळ्यावरच राहिले. पाच आठवडे. त्यांना खाली काढायला दोन मिनिटं लागली असती, पण “चल” म्हणणारी खूणच डोळ्यांसमोर नव्हती.

सवय अशी आजूबाजूच्या खुणांना टांगलेली असते. खुणा हलल्या की सवय पडते. मग सुट्टीत करायचं काय? खुणा आपल्याबरोबर न्यायच्या. मुक्कामाला गेल्यावर पिशवी उघडली की सगळ्यात आधी बूट काढून पलंगाशी ठेवायचे. वाचायचं पुस्तक उशीवर ठेवायचं, म्हणजे झोपण्याआधी ते उचलावंच लागतं. घरी परतल्यावर सामान लावताना पहिल्यांदा ह्या वस्तू जागेवर जायला हव्यात, कपड्यांच्या आधी.

आणि बेत ‘जेव्हा-तेव्हा’च्या भाषेत करायचा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. “सुट्टीत व्यायाम करीन” हा बेत हवेत राहतो. “सकाळी तोंड धुतल्यावर, कोणाशी बोलायच्या आधी, दहा मिनिटं बाहेर चालून येईन” हा बेत जमिनीवर उतरतो. “दुपारी सगळे पडले की दोन पानं वाचीन.” “कोणी तिसऱ्यांदा वाढायला आलं की पाण्याचा पेला हातात घेईन.” प्रसंग आणि कृती यांची गाठ आधी मारून ठेवली की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

सुट्टीच्या अपराधभावातून डझनभर नवे संकल्प करणं

सुट्टी संपत आली की मन खजील होतं आणि भरपाई म्हणून मोठमोठे बेत आखतं. पहाटे पाचला उठणार, साखर बंद, रोज तासभर व्यायाम, महिन्याला चार पुस्तकं, मोबाइल संध्याकाळी सातनंतर नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. दहा दिवसांत सगळे गळून पडतात आणि आपण स्वतःला आरंभशूर म्हणून मोकळे होतो.

संकल्प करणं वाईट नाही. जॉन नॉरक्रॉस यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बदल तर करायचा होता पण संकल्प केला नव्हता अशांपैकी ४ टक्के लोक सहा महिन्यांनी यशस्वी होते, तर संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के. प्रश्न कसा संकल्प करतो याचा आहे. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, “अमुक करीन” असा संकल्प करणारे ५८.९ टक्के लोक वर्षाअखेरी स्वतःला यशस्वी मानत होते, “तमुक सोडीन” म्हणणारे ४७.१ टक्के. त्यामुळे “गोड बंद” ऐवजी “जेवणानंतर फळ खाईन” असं म्हणून पाहा. “मोबाइल बंद” ऐवजी “रात्री नऊनंतर पुस्तक हातात घेईन.” मनाला काहीतरी धरायला मिळतं.

आणि नवा संकल्प करण्याआधी जुना कुठे राहिला ते बघा. सुट्टीआधी चालू असलेली एक गोष्ट पुन्हा सुरू करणं हे पाच नव्या गोष्टी आरंभण्यापेक्षा सोपं असतं आणि जास्त टिकतं.

घसरलंच असेल तर

हे वाचेपर्यंत सुट्टी होऊन गेली असेल आणि नेम मोडलेला असेल, तर कुठे अडलं आहे त्यावर उपाय ठरतो.

सकाळी उठवतच नसेल, तर आधी व्यायामाचा नाद सोडा आणि चार दिवस फक्त झोप सुधारा. उठायची वेळ ठरवा आणि उठल्याबरोबर दहा मिनिटं उजेडात उभे राहा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं.

गोडाची ओढ थांबत नसेल, तर घरात उरलेलं गोड आधी वाटून टाका. ते कपाटात ठेवून रोज मनाशी झगडत बसणं म्हणजे विनाकारण ताकद खर्च करणं. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, कडधान्य, दही, अंडी यांपैकी काहीतरी भरपूर असू द्या. आठवड्याभरात फरक जाणवतो.

पोट जड, आंबट ढेकर, बद्धकोष्ठता असेल, तर रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, पाणी आणि भाज्या वाढवा, जेवल्यावर शतपावली करा. पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही, किंवा वजन विनाकारण घटत असेल, गिळताना त्रास होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी अंग मोडून आलं असेल, तर तुम्ही जिथे थांबला होतात तिथूनच सुरू केलं आहे. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर पहिल्या आठवड्यात निम्म्या वजनाने, निम्म्या वेळेने सुरुवात करावी. दुखापत झाली तर खंड आणखी वाढतो.

अभ्यासाचा धागा तुटला असेल, तर राहून गेलेलं भरून काढायला बसू नका. साचलेल्या धड्यांचा ढीग बघूनच माणूस वही मिटतो. मागचं सोडून द्या, आजच्या तारखेपासून धरा.

सगळं जमत असूनही मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं असेल, तर त्याला आळस म्हणू नका. जवळच्या माणसाशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांची किंवा डॉक्टरांची भेट घ्या. सुट्टीनंतरचं एकटेपण पुष्कळांना गाठतं, विशेषतः भरलेलं घर अचानक रिकामं झाल्यावर.

अलीकडे मी सुट्टीला निघण्याआधी वहीत परतीनंतरच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून तिच्याभोवती चौकोन काढते, आणि त्याखाली फक्त एक ओळ: “बूट दाराशी.” मधल्या दिवसांत दहा मिनिटं चालणं झालं तर पूर्ण फुलीऐवजी एकच तिरकी रेघ मारते. मागच्या सुट्टीच्या पानावर अशा सहा रेघा आहेत, एक दिवस कोरा आहे, आणि चौकोनातल्या तारखेपुढे फुली आहे.